गाईड प्रकरण वाचत नाहीत: मार्गदर्शक बदलावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याकडच्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या अध्यापिकेच्या पीएच.डी. नोंदणीचे तिसरे वर्ष चालू आहे. विषय खाजन जमिनींची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनींची, क्षारता आणि तिथली बदलती पीकपद्धती हा. मार्गदर्शकांकडे दिलेली दोन प्रकरणे कित्येक महिने न वाचता पडून आहेत. विचारले की ‘आधी परीक्षा होऊ देत’, मग ‘नॅकची (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाची) समिती येऊन जाऊ दे’, मग ‘चवथ झाली की बसू’ असे उत्तर मिळते. बसायची वेळ आली की विषयाला नवीनच फाटा फुटतो. आता तर पहिल्या शोधनिबंधावर, ज्यांचा या कामाशी काही संबंध नाही अशा एका सहकाऱ्यांचे नाव घालावे, अशी सूचना आली आहे. त्या विचारतात की मार्गदर्शक बदलावेत का, आणि बदलले तर एवढ्याशा गोव्यात पुढे निभाव लागेल का.

मी बरीच वर्षे संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले आहे, सल्लागार समित्यांवर बसले आहे आणि बाहेरची परीक्षक म्हणून प्रबंधही वाचले आहेत. त्या अनुभवावरून सांगते, मार्गदर्शक आज बदलू नका. पुढचे एक सत्र हे सगळे व्यवहार कागदावर आणण्यासाठी द्या. तुमच्या पत्रात ज्या अडचणी आहेत, त्यांतली एकही आजवर तुम्ही लेखी मांडलेली दिसत नाही, आणि जे लेखी नाही ते विभागप्रमुखांपुढे किंवा समितीपुढे ‘सर आणि विद्यार्थिनीचे जमत नाही’ एवढ्याच वाक्यात संपते. एका सत्रानंतरही काही हलले नाही तर खुशाल बदला. तेव्हा तुमच्या हाती तारखा असतील.

आधी न वाचण्याचे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. बहुतेक मार्गदर्शकांकडे ही संख्या भरलेली असते. शिवाय पदव्युत्तर तासिका, उत्तरपत्रिका, प्रवेश, समित्या आणि अहवाल हे सगळे आहेच. अशा माणसाच्या टेबलावर सत्तर पानांचे प्रकरण ‘कृपया पाहावे’ एवढ्या ओळीसह आले की ते बाजूला ठेवले जाते, कारण ते वाचायला सलग दोन दिवस लागतील हे त्याला कळते आणि सलग दोन दिवस त्याला कधीच मिळत नाहीत. यात आळस असतोच असे नाही. संकोचही असतो, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. विषय मार्गदर्शकाच्या हातून थोडा पुढे गेलेला असेल, तुम्ही वापरलेली सांख्यिकी त्याला नीट ठाऊक नसेल, तर तो प्रकरण उघडायचेच टाळतो. गोव्याच्या इतिहासात हे फार दिसते. पोर्तुगीज कागदपत्रांवर काम करणाऱ्या मुलाला पोर्तुगीज येऊ लागते, मोडी आणि गोयकानडी या जुन्या लिप्याही तो वाचू लागतो, आणि मार्गदर्शकाला यांतले एखादेच येत असते. असा मार्गदर्शक मग पुन्हा पुन्हा प्रस्तावनेतल्या भाषेवरच शेरे मारतो.

म्हणून पूर्ण प्रकरण पाठवणे बंद करा. दहा-बारा पाने पाठवा आणि सोबत ज्यांचे उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारा. नमुना देते:

‘आदरणीय सर, दुसऱ्या प्रकरणातील पृष्ठे १२ ते २३ सोबत जोडली आहेत. यात सांकवाळ आणि चोडण येथील मातीच्या क्षारतेची पावसाळ्याआधीची व नंतरची तुलना आहे. दोन बाबींवर आपले मत हवे आहे: पृष्ठ १७ वरील तक्त्यात बांधालगतचे आणि आतल्या शेतातील नमुने वेगळे दाखवावेत की एकत्र, आणि पृष्ठ २१ वरील निष्कर्ष एवढ्या नमुन्यांवरून काढणे योग्य आहे का. शुक्रवारी दुपारी मी विभागात आहे. आपल्याला सोयीचे नसल्यास पुढच्या मंगळवारी येईन. तोवर तिसऱ्या प्रकरणाचे काम चालू ठेवते.’

या पत्राला उत्तर द्यायला अर्धा तास पुरतो, म्हणून उत्तर येण्याची शक्यता वाढते. शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. तुमचे काम सरांच्या अभिप्रायावाचून अडून राहिलेले नाही हे त्यांना त्यातून कळते, आणि पुढे गरज पडली तर तुम्ही कधी काय पाठवले होते याची नोंदही आपोआप राहते. हे व्हॉट्सअ‍ॅपवर करू नका. तिथे निळ्या खुणा दिसतात, पण सहा महिन्यांनी काही सापडत नाही.

बैठक झाली की त्याच संध्याकाळी पाच-सहा ओळींचा मेल पाठवावा. त्यात काय ठरले, कोणी काय करायचे, पुढे कधी भेटायचे हे असावे आणि शेवटी ‘यात काही चुकले असल्यास कळवावे’ असे लिहावे. मार्गदर्शक बहुधा उत्तर देत नाहीत आणि त्याची गरजही नसते. विषयाला नवे फाटे फुटण्यावर मला तरी याहून चांगला उपाय माहीत नाही, मात्र त्यासाठी नव्या सूचनेशेजारी तिची किंमतही लिहायला हवी. ‘मागच्या बैठकीत नमुन्यांची ठिकाणे सहा ठरली होती. आज सरांनी जुवारीकाठची आणखी दोन सुचवली. त्यासाठी एक पावसाळा जादा लागेल आणि प्रबंध सादर करण्याची तारीख एका वर्षाने पुढे जाईल.’ एवढे डोळ्यांपुढे आले की मार्गदर्शक स्वतःच म्हणतात, ‘मग राहू दे, पुढच्या प्रकल्पात पाहू.’ सूचना करताना ते मोठ्याने विचार करत असतात, विद्यार्थी तो हुकूम समजतो आणि दोघांचेही वर्ष जाते.

तुमच्या विषयात तर वर्ष अक्षरशः जाते. खाजनातले पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, भरती-ओहोटीच्या हिशेबाने आत-बाहेर होते. पावसाचे गोडे पाणी मातीतला खार धुऊन काढते, तेव्हाच तिथे कोरगुटासारखे खारे सोसणारे भात उभे राहते, आणि कापणीनंतर पुन्हा खारे पाणी घेऊन मासे व कोळंबी. पावसाळ्याआधीचे नमुने जूनचा पहिला जोरदार पाऊस पडायच्या आत घेतले नाहीत, तर ते पुढच्या मे महिन्यातच मिळतात. ठिकाणांना मंजुरी द्यायला मार्गदर्शकांनी महिनाभर उशीर केला, तर कागदावर तो महिनाच दिसतो आणि कामात बारा महिने होतात. मत्स्यविज्ञानाच्या मुलांचेही असेच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात ट्रॉलरवरून मिळणारे नमुने मिळत नाहीत. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीलाच ‘या कामाला अमुक तारखेपर्यंत होकार न मिळाल्यास हा हंगाम हुकेल’ असे लिहून देणे हा उद्धटपणा नाही. ती तुमच्या विषयाची गरज आहे, आणि मार्गदर्शकांनी निदान एकदा तुमच्याबरोबर बांधावर यावे असा आग्रह धरणे हीसुद्धा. ओहोटीच्या वेळी मानशीजवळ घेतलेली क्षारता आणि चिखलात आत जाऊन घेतलेली क्षारता यांत किती फरक पडतो, हे तक्त्यावरून कळत नाही. जे मार्गदर्शक एकदा तिथे गुडघाभर चिखलात उभे राहिले, त्यांचे शेरे पुढे नेमके होतात असे मी पाहिले आहे.

आता संशोधन सल्लागार समितीविषयी. नियमाप्रमाणे प्रत्येक सत्रात तुम्ही तिच्यापुढे प्रगती मांडायची असते, समितीने सुधारणा सुचवायच्या असतात, आणि प्रगती असमाधानकारक असेल तर तिने कारणे नोंदवायची असतात. अडचण अशी की या समितीचे निमंत्रक तुमचे मार्गदर्शकच असतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी ही बैठक स्लाइड, चहा, ‘चांगले चालले आहे’ आणि सह्या अशी होऊन जाते. विद्यार्थीही सुटलो म्हणून निघून जातो. असे करू नका. तिचा अहवाल हा तुमच्या वाटचालीचा एकमेव अधिकृत दस्तऐवज आहे. प्रगती अहवालात साध्या शब्दांत लिहा: ‘प्रकरण दोन व तीन अमुक तारखांना सादर केली, अभिप्राय प्रतीक्षेत.’ यात आरोप नाही, विशेषण नाही. समितीवरच्या इतर दोघांना जे समजायचे ते समजते, आणि मार्गदर्शकांनाही. अशी ओळ वाचल्यावर आठवड्याभरात प्रकरण परत आल्याची उदाहरणे माझ्यासमोर आहेत.

शोधनिबंधावरच्या नावाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो जुनाही आहे. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले ते हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करण्यासाठी. या कामाच्या श्रेयावरून तिथले प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते मायदेशी परतले. पुढे ते पुन्हा तिकडे गेले, काम पुरे झाले, तरी ग्रंथ छापून आला १९५० मध्ये. कोसंबी १९४७ मध्येच निवर्तले होते. ते काही कोणाचे पीएच.डी.चे विद्यार्थी नव्हते, त्यांचा दर्जाही वेगळा. तरी नावाचा प्रश्न सुरुवातीला न ठरल्यास काय होते, हे गोमंतकीयाला यावरून कळावे.

आजची पद्धत विषयागणिक बदलते. विज्ञानात प्रबंधातून निघालेल्या लेखावर विद्यार्थ्याचे नाव पहिले आणि मार्गदर्शकाचे शेवटी, पत्रव्यवहाराच्या लेखकाच्या खुणेसह, अशी सर्वसाधारण रीत आहे. मराठी, कोकणी, इतिहास या विभागांत मार्गदर्शक पुष्कळदा आपले नाव घालतच नाहीत, ऋणनिर्देशावर भागते. तुमचा विषय दोन्हींच्या मध्ये येतो, म्हणून पहिला लेख लिहिण्यापूर्वीच हे बोलून ठेवायला हवे होते. अजूनही उशीर झालेला नाही. तिऱ्हाईत नावाबद्दल वाद घालू नका, एक प्रश्न विचारा: ‘सर, नियतकालिकाच्या अर्जात प्रत्येक लेखकाचे योगदान लिहावे लागते. यांच्या नावापुढे काय लिहू?’ आज अनेक नियतकालिके योगदानाच्या चौदा ठरावीक प्रकारांची यादी देतात, त्यात संकल्पना, आकडेवारी गोळा करणे, विश्लेषण, लेखन, देखरेख, निधी मिळवणे हे सगळे वेगवेगळे असते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती तर स्पष्ट म्हणते की नुसता निधी मिळवून दिला किंवा सर्वसाधारण देखरेख केली एवढ्यावर कोणी लेखक ठरत नाही. त्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळा वापरू दिली असेल तर आभारात त्यांचा मानाने उल्लेख करा. त्यांनी सांख्यिकी तपासून दिली असेल आणि मसुदाही वाचून सुधारला असेल, तर मात्र त्यांचे नाव आले पाहिजे. तिथे तुम्ही अडून बसलात तर चूक तुमची.

हेही पाहून ठेवा की २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येण्याची सक्ती काढली आहे. आधीच्या २०१६ च्या नियमांत ती होती. विद्यापीठ आपल्या अध्यादेशात स्वतःची अट ठेवू शकते, म्हणून तो मुळातून वाचा. कोणी सांगितले म्हणून मान्य करू नका, मी सांगितले म्हणूनही नको. ‘लेखावर हे नाव घातल्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नाही’ असा सूर निघाला तर त्यामागे नियम आहे की नुसती सवय, हे तुम्हाला ठाऊक असलेले बरे.

मार्गदर्शकांच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण मी त्या बाजूला बसते. प्रबंधावर ‘हे काम मूळ आहे’ असे प्रमाणपत्र देऊन सही आम्ही करतो. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. दहा ते चाळीस टक्क्यांमध्ये सुधारित प्रबंध जास्तीत जास्त सहा महिन्यांत द्यावा लागतो. चाळीस ते साठमध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या पुढे नोंदणीच रद्द होते. जो विद्यार्थी सहा महिने फिरकत नाही आणि समितीच्या बैठकीच्या आठवड्यात शंभर पाने घेऊन येतो, त्याची पाने कोणताही शहाणा मार्गदर्शक घाईने पुढे सरकवणार नाही. तुम्ही नोकरी सांभाळून काम करता, म्हणून तुमच्या हातूनही मोठे खंड पडले असतील, आणि सरांनी ते मनात धरले असतील. विचारून पाहा. नोकरी करणाऱ्या अध्यापकांबाबत हा रुसवा फार असतो. मार्गदर्शकाला वाटते हिला पदवी फक्त बढतीसाठी हवी आहे, हिला वाटते सरांना पूर्णवेळ राबणारा विद्यार्थी हवा आहे, आणि तोंडाने दोघेही काही बोलत नाहीत.

राबण्यावरून आठवले. आपल्याकडे सरांना गुरू मानण्याची रीत आहे, गुरुपौर्णिमेला नमस्कारही होतो, आणि त्यात वावगे काही नाही. प्रयोगशाळेतले उपकरण सांभाळणे, एम.एस्सी.च्या मुलांना नमुने घ्यायला शिकवणे ही कामे प्रशिक्षणाचाच भाग आहेत, ती आनंदाने करावीत. नॅकच्या फायली टंकित करणे, सरांच्या उत्तरपत्रिकांची बेरीज करणे, पाहुण्यांना मोपाच्या विमानतळावरून घेऊन येणे ही मात्र तुमच्या पीएच.डी.ची कामे नव्हेत. एखाद्या वेळी माणुसकीने केली तर केली, त्यांची सवय लागू देऊ नये.

आता बदलण्याविषयी. पहिली पायरी सहमार्गदर्शकाची. त्याच विभागातून, दुसऱ्या विभागातून किंवा दुसऱ्या संस्थेतून मान्यतेने सहमार्गदर्शक घेता येतो. तुमच्या विषयाला हे शोभणारेही आहे, कारण माती, भरतीचे पाणी आणि शेतीचे अर्थकारण हे एका माणसाच्या आवाक्यातले नाही. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जुने गोव्याची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. ‘मातीच्या विश्लेषणासाठी तज्ज्ञ हवा’ या कारणाने आलेला सहमार्गदर्शक कोणाच्या मानाला धक्का न लावता अर्धी कोंडी फोडतो.

त्यानेही न भागल्यास आधी विभागप्रमुखांना भेटा. नव्या मार्गदर्शकांशी परस्पर बोलणी करून मग प्रमुखांकडे गेलात तर गोष्ट पणजीहून मडगावला तुमच्या आधी पोहोचते. अर्जात माणसाविषयी काही लिहू नका. विषयाची सध्याची दिशा, लागणारे तज्ज्ञत्व आणि तारखा एवढेच लिहा. ज्यांच्याकडे जायचे त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का हे पाहा. गोळा केलेली आकडेवारी जुन्या मार्गदर्शकांच्या प्रकल्पाच्या पैशातून आली असेल, तर ती वापरण्याची लेखी परवानगी बदलापूर्वीच घ्या. नंतर ती मिळणे अवघड होते. मार्गदर्शक बदलला म्हणून वर्षे नव्याने मोजली जात नाहीत. प्रवेशापासून सहा वर्षांची कमाल मर्यादा, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्री संशोधकांना त्यावर आणखी दोन मिळू शकतात. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा आहे, तीही हक्काने मागावी.

गोवा लहान आहे ही तुमची भीती खरी आहे. सरांचे मेहुणे तुमच्या संस्थेच्या व्यवस्थापनावर, तुमच्या काकांचे आणि त्यांचे एकच देवस्थान, असे इथे असतेच. पण याची दुसरी बाजू अशी की त्यांनाही तुमच्याशी उघड वैर परवडत नाही, आणि कोण प्रबंध अडकवून ठेवतो हे इथे सगळ्यांना ठाऊक असते. शेवटी प्रबंध तपासायला निदान दोन परीक्षक बाहेरचे असतात. त्यांना फोंड्याचे राजकारण माहीत नसते, त्यांच्यासमोर तुमची पानेच असतात.

लैंगिक छळ, धमकी किंवा पैशांची मागणी असेल, तर वरचे काहीही लागू नाही. तिथे एक सत्र थांबायचे नसते. लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, म्हणून तारीख जपा. इतर तक्रारींसाठी २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल आहेत.

तुम्ही लिहिलेली नाही अशी एक गोष्ट विचारते. सरांच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत? निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी असलेल्या अध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, आधीचे मात्र चालू राहतात, आणि निवृत्तीनंतर त्यांना वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहता येते. म्हणजे तेव्हा तुम्हाला मुख्य मार्गदर्शक नवा लागणारच. ती तारीख तुमच्या प्रबंधाच्या आधी येत असेल, तर बदलाचा अर्ज त्या कारणाने देता येईल, कोणाविरुद्ध एक शब्द न लिहिता, आणि तो याच सत्रात दिलेला बरा.